इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरसाठी ॲम्प्लिफायर : व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर (खानदेशातील वापर)

इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरमध्ये चुंबक नसतो, व्हॉइस कॉइल नसते, कागदी शंकूही नसतो. काही मायक्रॉन जाडीचा पॉलिएस्टरचा पडदा छिद्रे पाडलेल्या दोन वाहक प्लेटांमध्ये ताणलेला असतो. पडद्यावर काही हजार व्होल्टचा स्थिर प्रभार ठेवतात आणि प्लेटांना दिलेल्या सिग्नलनुसार तो पुढेमागे ओढला जातो. अशा स्पीकरला व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळीचा) ॲम्प्लिफायर लावावा की ट्रान्झिस्टरचा, हा वाद ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर बाजारात आले तेव्हापासूनचा आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या खानदेशी जिल्ह्यांत त्यात ऊन, वीजपुरवठा आणि कापसाची रुई यांची भर पडते. आवाजाच्या गोडव्यापेक्षा निकाल बहुधा याच गोष्टी लावतात.

वादाचे मूळ स्पीकरच्या विद्युत भारात आहे. दोन प्लेटा आणि मधला पडदा मिळून एक कपॅसिटर (प्रभार साठवणारा घटक) तयार होतो. ॲम्प्लिफायरच्या काही व्होल्टचे काही हजार व्होल्ट करण्यासाठी स्पीकरच्या आतच एक स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, त्यामुळे तो कपॅसिटर ॲम्प्लिफायरला कितीतरी पटींनी मोठा दिसतो. कपॅसिटरचा अडथळा वारंवारता वाढेल तसा घटतो. इंग्लंडमधील हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांचा क्वाड ईएसएल हा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर १९५७ मध्ये विक्रीला आला. त्याचा भार कागदोपत्री १६ ओहम असला, तरी २० किलोहर्ट्‌झच्या आसपास तो सुमारे २ ओहमपर्यंत उतरतो. पुढच्या काळातील काही स्पीकर तिथे १ ओहमच्याही खाली जातात. हा भार स्वतः फारसे वॅट खात नाही, पण करंट मात्र भरपूर मागतो. शिवाय करंट आणि व्होल्टेज एका तालात नसल्यामुळे न वापरलेली ऊर्जा उष्णता होऊन ॲम्प्लिफायरच्याच माथी बसते.

वॉकर यांच्या कंपनीचा क्वाड टू हा ॲम्प्लिफायर १९५३ चा, केटी ६६ जातीच्या दोन व्हॉल्व्हचा आणि फक्त १५ वॅटचा. तरी तो ईएसएलला पुरत असे. व्हॉल्व्ह मुळातच एका मर्यादेपलीकडे करंट देत नाही आणि क्षणभर जास्त भार आला तरी फुटत नाही. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरांचे असे नव्हते. कपॅसिटरच्या भारावर त्यांपैकी कित्येक अस्थिर होऊन स्वतःच कंप पावू लागत. बचावासाठी बसवलेले संरक्षक मंडल (सर्किट) संगीताच्या ऐन भरात करंट तोडत असे आणि ऐकणाऱ्याला कोरडी तडतड तेवढी मिळे. ‘इलेक्ट्रोस्टॅटिकला व्हॉल्व्हच हवा’ हे मत त्या अनुभवातून रुजले. खुद्द क्वाडने १९६७ मध्ये ३०३ हा ४५ वॅटचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर काढला आणि तो ईएसएलबरोबर व्यवस्थित चालला, हे मात्र त्या मताच्या पुरस्कर्त्यांना फारसे आठवत नाही.

व्हॉल्व्हच्या बाजूलाही एक अडचण आहे. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरमुळे ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अंतर्गत अडथळा पुष्कळदा १ ते ३ ओहम असतो, चांगल्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा ०.१ ओहमच्याही खाली असतो. समजा ॲम्प्लिफायरचा अडथळा २ ओहम आहे आणि स्पीकर वरच्या टोकाला २ ओहमवर आला आहे. भार निव्वळ कपॅसिटरचा धरला, तर तिथे आवाज ३ डेसिबलने पडतो. ज्याला लोक व्हॉल्व्हचा मऊपणा म्हणतात, त्यातला मोठा वाटा या उताराचा असतो. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये १–२ ओहमचा जाड रेझिस्टर टाकला की तसाच उतार मिळतो, आणि त्याला किंमत नगण्य पडते. व्हॉल्व्हसाठी हजारो रुपये मोजण्याआधी हा प्रयोग जरूर करावा.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर गाळून स्पीकरला व्हॉल्व्ह थेट जोडणारी ज्युलियस फटरमन यांची रचना १६ ओहमच्या जुन्या स्पीकरांवर उत्तम चालते, १ ओहमच्या स्पीकरांवर नाही. ॲकूस्टॅट या अमेरिकी कंपनीने स्पीकरमधला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरही काढला आणि उच्च दाबाच्या (म्हणजे उच्च व्होल्टेजच्या) व्हॉल्व्हनी प्लेटा सरळ चालवल्या. तत्त्व म्हणून हा मार्ग सर्वांत सरळ आहे, पण मोकळ्या घरात, लहान मुलांच्या हाताशी, तो ठेवण्याजोगा नाही.

आता खानदेश. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि स्लॅबच्या घरात रात्री दहा वाजताही भिंतीला हात लावला की ती गरम लागते. ईएल ३४ जातीच्या चार व्हॉल्व्हचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर घेतला, तर व्हॉल्व्हच्या आत तापणाऱ्या नुसत्या हीटरांनाच सुमारे ३८ वॅट लागतात. व्हॉल्व्हच्या आतल्या प्लेटांवर आणखी १०० वॅटपर्यंत उष्णता निघते, गाणे वाजो न वाजो. या उन्हाने व्हॉल्व्हचे काही बिघडत नाही, कारण त्याची काच एरवीही शंभर अंशांच्या वर तापलेली असते. हाल होतात ते आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांचे, ज्यांचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते, आणि अर्थातच ऐकणाऱ्याचे. तो उठून कुलर लावतो. कुलरची घरघर सुरू झाली की ज्या हलक्या मुरक्यांसाठी आणि तंबोऱ्याच्या गुंजनासाठी हा स्पीकर घेतला, त्याच आधी बुडतात. त्यातच कुलरची ओली हवा पडद्याभोवती साचते, धुळीतून प्रभार गळू लागतो, आवाज मंदावतो आणि मधूनच चुरचुरतो. जाड मातीच्या भिंतींचे धाब्याचे घर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे उन्हाळ्यातही कुलरशिवाय तासभर बसता येते.

ट्रान्झिस्टरही उन्हातून सुटत नाही. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) खोलीपेक्षा ३० अंशांनी तापते असे धरले, तर २५ अंशांच्या खोलीत ती ५५ वर राहते आणि ४२ अंशांच्या खोलीत ७२ वर जाते. इलेक्ट्रोस्टॅटिकचा भार आधीच ट्रान्झिस्टरांत जास्त उष्णता सोडतो आणि तापलेल्या ट्रान्झिस्टरची सहनशक्ती कमी होते. म्हणून इथे कॅटलॉगातल्या वॅटपेक्षा हीटसिंकचे वजन आणि २ ओहमवरची हमी पाहावी. क्लास ए, म्हणजे शांततेतही पूर्ण करंट वाहत ठेवणारा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर, व्हॉल्व्हइतकाच, कधी जास्तच तापतो. खानदेशी उन्हाळ्यात त्याचा विचारच करू नये.

विजेचे दुखणे वेगळे आहे. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात जिथे गावठाण आणि शेती एकाच फीडरवर असते, तिथे पंप सुरू झाले की व्होल्टेज पडते. २३० चे १९० झाले तर व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ ऐवजी ५.२ व्होल्टच मिळतात. हे चालण्याजोग्या १० टक्के फरकाच्या बाहेर आहे आणि असे दीर्घकाळ चालले तर कॅथोड (व्हॉल्व्हमधला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) खराब होतो. ट्रान्झिस्टरच्या बाबतीत फक्त कमाल ताकद घटते. स्पीकरचा प्रभारही याच विजेवर तयार होतो. नियंत्रण नसलेल्या साध्या मंडलात तोही त्याच प्रमाणात उतरतो आणि आवाज सुमारे दीड डेसिबलने कमी होतो. तेव्हा चांगला स्टॅबिलायझर दोघांनाही हवाच, आणि स्पीकरचा प्लगही त्यावरच लावावा. लाईट गेल्यावर चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर चालवू नये. तिथे हीटरला पुरेसे व्होल्ट मिळतात, पण लहरीचे शिखर बुटके असल्याने उच्च दाब जवळपास तीस टक्क्यांनी पडतो.

लग्नाच्या डीजेचा ॲम्प्लिफायर ‘वॅट भरपूर आहेत’ म्हणून जोडण्याचा मोह टाळावा. पहिल्या ईएसएलची सहनशक्ती सुमारे ३३ व्होल्टच्या शिखराची, तर ८ ओहमवर हजार वॅट देणारा ॲम्प्लिफायर १२६ व्होल्टपर्यंत जातो. अंधारात प्लेटांमध्ये निळसर ठिणगी दिसते, टच्च आवाज येतो, आणि पडद्याला पडलेले भोक पुढे प्रत्येक मोठ्या आवाजाला ठिणगी पाडत राहते. स्वस्त क्लास डी (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करणाऱ्या) ॲम्प्लिफायरांचा आउटपुट फिल्टरही कपॅसिटरच्या भारावर बिघडतो.

बोदवड, धरणगाव, चोपडा या कापसाच्या पट्ट्यात जिनिंगच्या हंगामात हवेत रुईचे तंतू तरंगतात. प्रभारित पडदा ते ओढून घेतो आणि प्लेटांच्या छिद्रांवर करडी लव चढते. ऐकून झाल्यावर प्रभाराचा प्लग काढावा आणि वर सुती कापड टाकावे. काही आधुनिक स्पीकर सिग्नल थांबला की प्रभार आपोआप बंद करतात. असे स्पीकर घेणे इथे सर्वांत शहाणपणाचे.

या सगळ्याचा विचार करता उन्हाळ्यात चालणारी आणि कमी ओहमच्या आधुनिक स्पीकरांना पेलणारी निवड म्हणजे भारदस्त हीटसिंकचा क्लास एबी (शांततेत थोडाच करंट घेणारा) ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर. व्हॉल्व्हचे दिवस कार्तिकापासून माघापर्यंतचे, म्हणजे धुळ्याचा पारा आठ-दहा अंशांवर येतो तेव्हाचे. त्यातही स्पीकर १६ ओहमचा जुना असावा. खालच्या स्वरांसाठी साधा वूफर असलेल्या संकरित स्पीकरांत वूफरला ट्रान्झिस्टर आणि पडद्याला व्हॉल्व्ह अशी विभागणी करता येते, फक्त दोन्हींची आवाजपातळी जुळवून घ्यावी लागते. व्हॉल्व्ह आता मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमधून येतात, तेव्हा जुळवलेली एक जास्तीची जोडी घरात ठेवलेली बरी. दुरुस्ती जुन्या व्हॉल्व्ह रेडिओवर हात बसलेल्या कारागिराला जमते, कारण मंडल साधे असते. मात्र प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत चारशे-पाचशे व्होल्ट शिल्लक राहू शकतात. ते रेझिस्टर लावून उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये.