मिळून सोडवलं की छापलं?

परीक्षेतली कॉपी म्हणजे काय, हे सांगायला नको. महाराष्ट्रात त्यासाठी १९८२ चा वेगळा कायदाच आहे. घोळ असतो तो घरी करायच्या असाइनमेंटचा. "सर, आम्ही मिळून सोडवलं" म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांनी छापलेलं असतं, आणि आपण छापलंय हे त्यांच्या गावीही नसतं.

वह्या सारख्या दिसल्या म्हणून लगेच कॉपी ठरत नाही. वर्गमूळ २ अपरिमेय आहे, याची सिद्धता सगळे साधारण एकाच वाटेने लिहिणार. म्हणूनच "दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं" ऐकलं की माझं डोकं फिरतं. तो आकडा यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांतला, प्रबंध आणि शोधनिबंधांसाठीचा. असाइनमेंट आणि उत्तरपत्रिका त्या नियमांतून चक्क वगळल्या आहेत.

खरा फरक एकच: लिहिताना समोर काय होतं? कोरा कागद, की मित्राच्या वहीचा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो?

उदाहरण घ्या. क्ष २ कडे जाताना क्ष-वर्ग ४ कडे जातो, हे एप्सिलॉन-डेल्टाने, म्हणजे क्ष २ पासून डेल्टाच्या आत ठेवला की क्ष-वर्ग ४ पासून एप्सिलॉनच्या आत राहतो असं, दाखवायचंय. वहीत सुबक अक्षरात असतं, "डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतली लहान संख्या." मी विचारतो, हा ५ कुठून आला? मिळून सोडवणारी अडखळत का होईना सांगते की क्ष २ पासून १ पेक्षा कमी अंतरावर असेल तर तो १ आणि ३ च्या मध्ये, म्हणून क्ष अधिक २ हे ५ पेक्षा कमी. १ च्या जागी अर्धा घे म्हटलं, की ती ५ चे साडेचार करते. छापणारा म्हणतो, "सर, ५ असाच घेतात." त्याने क्ष चा य केलेला असतो, वाक्यं पुढंमागं केलेली असतात. ही मेहनत बघून मला जास्त वैताग येतो.

तेव्हा फळ्यावर भांडा, एकमेकांच्या चुका काढा, मग फळा पुसा आणि घरी जाऊन आपापलं लिहा. अडलं तर "इथे अडलो" लिहून तसंच द्या. छापलेल्या पूर्ण उत्तरापेक्षा मी त्याला जास्त मार्क देतो. खाली "अमक्याबरोबर चर्चा केली" ही ओळ टाकायला लाजू नका. चॅटजीपीटीलाही हीच कसोटी. पण शिक्षकांनी वापरायचं नाही असं सांगितलं असेल, तर प्रश्नच मिटला.