मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत येतो कुठून? घरच्या नॅसची गोष्ट

नॅस म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी भारी मशीन असणार. खरं तर तो साधाच कंप्युटर, ना मॉनिटर ना कीबोर्ड, आत तीन-चार हार्ड डिस्क आणि मागे राउटरला गेलेली एक केबल. घरातले फोन, लॅपटॉप, टीव्ही त्याच्याकडे फाईल मागतात आणि तो देतो, एवढंच त्याचं काम, म्हणून दहा वर्षं जुना डेस्कटॉपसुद्धा आरामात चालतो. स्पीडचं म्हणाल तर गाडी अडते केबलवर. गिगाबिट म्हणजे सेकंदाला 1000 मेगाबिट, आठने भागा, 125 मेगाबाईट, त्यातले हातात पडतात 110 च्या आसपास, आणि एवढं तर आजची एकटी हार्ड डिस्कही देते. त्यामुळे पहिल्याच दिवशी महागड्या एसएसडी घ्यायची घाई नको.

खरी गंमत आहे रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकच असल्यासारख्या वापरायच्या युक्तीत. 1988 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी पेपर लिहिला, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या बऱ्याच लावू, आणि एखादी गेली तरी डेटा वाचेल अशी सोय करू. सोय कशी, ते बघा. तीन डिस्कवर एकाच जागी 1, 0, 1 असे बिट आहेत. चौथ्या डिस्कवर असा बिट लिहायचा की चौघांत मिळून 1 ची संख्या सम होईल. इथे दोन 1 आहेतच, म्हणून चौथा 0. आता दुसरी डिस्क मेली, उरले 1, 1 आणि 0, संख्या आधीच सम आहे म्हणजे गेलेला बिट 0 च असणार! हेच अब्जावधी बिटांसाठी करत बसायचं, की नव्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं परत. याला पॅरिटी म्हणतात. (रेड 5 मध्ये हा पॅरिटीचा भाग एकाच डिस्कवर न ठेवता सगळ्यांवर वाटलेला असतो, हिशोब तोच.)

पण डिस्क मेलेली नाही, नुसती एक बिट गुपचूप चुकीची वाचतेय, मग? पॅरिटी म्हणेल संख्या विषम आली, कुणीतरी खोटं बोलतंय, पण कोण ते तिला सांगता येत नाही. इथे झेडएफएस ही फाईल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाईल मांडून ठेवणारं सॉफ्टवेअर, कामाला येते. सन मायक्रोसिस्टिम्सने ती 2005 मध्ये ओपन सोर्स केली. ती डेटाच्या प्रत्येक तुकड्याचा (ब्लॉकचा) चेकसम, म्हणजे त्यातल्या बिटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, वेगळा जपून ठेवते, वाचताना ताडून बघते आणि खोटारडी डिस्क पकडून तिथला डेटा दुरुस्त करते. महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सगळ्या डिस्कची अशी पूर्ण तपासणी, लावला की कधीच न उघडलेले जुने फोटोही तपासले जातात.

आणि हो, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. हे मी शंभरदा वाचलं होतं, तरी एकदा रात्री उशिरा डुप्लिकेट समजून ट्रिपच्या फोटोंचा अख्खा फोल्डर उडवला आणि मिरर (दोन डिस्कवर तंतोतंत तीच कॉपी ठेवणारं रेड) असल्यामुळे तो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी गेला, रेडने काम अगदी चोख केलं. तेव्हापासून रोजचा स्नॅपशॉट (फाईलींची त्या क्षणाची स्थिती, जिच्यावर परत जाता येतं) आणि एक वेगळी डिस्क, जी कॉपी झाली की काढून दुसऱ्या घरी जाते.

डिस्क घेताना एसएमआर प्रकारची टाळा. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे मधलं एक बदलायचं तर शेजारचेही परत लिहावे लागतात आणि रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरणं, रखडतो. एरवीही 8 टीबीची डिस्क सेकंदाला 150 मेगाबाईटने भरायची तर पंधरा तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या डिस्कना, ज्या बहुतेक एकाच दिवशी घेतलेल्या आणि तेवढ्याच झिजलेल्या असतात, दम खायला मिळत नाही.

अजून एक, डिस्क बसवतानाच प्रत्येकीचा सीरियल नंबर दिसेल असा कडेला चिकटवा. सिस्टिम मेलेल्या डिस्कचा नंबर सांगते पण ती कुठल्या खणात आहे हे बऱ्याचदा सांगत नाही, आणि घाईघाईत चांगलीच डिस्क उपसली जाते.