ओळख ठेवणारी मंडळी : ब्रिस्टलच्या कर्जापासून मुंबईच्या चाळींपर्यंत

रविवारच्या उपासनेला नवा माणूस आला की दारात हात मिळवायचा, नाव विचारायचं, उपासना संपली की चहाला थांबवून घ्यायचं, ही रीत आता मुंबई-पुण्याच्या बऱ्याच चर्चमध्ये रुळली आहे. चांगलीच रीत आहे. पण तोच माणूस पुढे महिनाभर फिरकला नाही, तर कुणाच्या लक्षात येतं का? ती सोय चर्चने कशी लावली हे शोधायला गेलं तर आपण एका थकलेल्या कर्जापाशी पोचतो.

मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात १७३९ मध्ये ‘न्यू रूम’ हे सभागृह बांधायला घेतलं. वास्तू उभी राहिली, देणं काही फिटेना. १५ फेब्रुवारी १७४२ रोजी त्यासाठी बैठक भरली. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असं कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं. गरिबांना तेवढंही झेपायचं नाही, अशी हरकत निघाली. त्यावर ते म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे लावून द्या. दर आठवड्याला मी त्यांच्याकडे जाईन, देतील ते घेईन, नाही दिलं तर पदरचे घालीन. तुम्हीही आपापल्या आसपासचे अकरा-अकरा घ्या.

वसुलीच्या निमित्ताने माणसं एकमेकांच्या उंबऱ्याच्या आत गेली आणि तिथलं खरं दिसायला लागलं. कुठे नवरा-बायकोचं भांडण चाललेलं, कुठे कुणी दारूच्या नशेत. हे वेस्लींच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी ओळखलं की आपल्याला हवी होती ती गोष्ट ही. हजारांच्या जमावाला प्रवचन देता येतं, त्यातल्या कुणाचं काय बिनसलंय ते मात्र कळत नाही. आता बारा जणांमागे एक ‘लीडर’ असणार होता आणि त्याला प्रत्येकाची खबर असणार होती.

घरोघरी जाणं मात्र फार दिवस टिकलं नाही. वेळ जाई हे एक. दुसरं कारण जास्त बोलकं आहे. यातले कितीतरी जण दुसऱ्याच्या घरी नोकरीला होते आणि मालक-मालकीण असल्या भेटी चालू देत नसत, दिल्या तरी एकट्याशी बोलू देत नसत. म्हणून मग बाराही जणांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं ठरलं. यालाच ‘क्लास’ म्हणू लागले. प्रत्येकाने आपलं कसं चाललंय ते सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, शेवटी प्रार्थना. पुष्कळ क्लासांच्या लीडर बायका होत्या. त्या काळच्या चर्चमध्ये बाईच्या शब्दाला इतकं वजन असणं ही साधी गोष्ट नव्हती.

या आपुलकीला काटेही होते, आणि ते झाकून हा इतिहास सांगण्यात अर्थ नाही. दर तीन महिन्यांनी सभासदाला नाव घातलेलं तिकीट मिळे. ज्याचं वागणं पटलं नाही त्याचं तिकीट बंद. मार्च १७४३ मध्ये न्यूकॅसलला वेस्लींनी ६४ जणांना काढलं आणि कारणांची यादी रोजनिशीत लिहून ठेवली. दारूपायी १७, भांडणापायी ३, बायकोला मारलं म्हणून १, आळसापायी १. सगळ्यांत मोठा आकडा २९ जणांचा, आणि त्यांचा गुन्हा काय, तर उथळपणा आणि बेपर्वाई! सभासदांच्या नावांच्या ज्या वहीमुळे तुमची आठवण राहते, तीच वही हजेरीपत्रकही होते. मला विचाराल तर लहान गटांची ही पद्धत पुढे जिथे जिथे गेली, तिथे हा ताणही तिच्याबरोबर गेला.

मुंबईत ती १८७१ मध्ये आली. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर यांनी सभा घेतल्या आणि त्यांच्या शिकवणीकडे वळलेल्या लोकांचे लहान-लहान गट घराघरांत बसवले. १८७२ मध्ये याच लोकांनी मागणी केल्यावर मेथडिस्ट चर्च स्थापन झालं. म्हणजे इथे घरं आधी, चर्च नंतर. हे बहुतेक इंग्रजी बोलणारे होते. त्यांना येऊन मिळाले जॉर्ज बोवेन. १८४८ पासून मुंबईत गरिबीने राहून मराठीत प्रचार करणारा हा माणूस १८८८ मध्ये इथेच वारला. कुलाब्याकडचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचं.

कॅथलिकांकडे वेस्लींचा क्लास नव्हता, पण ओळख ठेवण्याच्या त्यांच्या स्वतःच्या जागा होत्या. धोबीतलाव-माझगावकडच्या गोवेकरांच्या कुडी, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून राहायची बिऱ्हाडं, हे त्यातलं ठसठशीत उदाहरण. गावागावाची स्वतंत्र कूड. बोटीवर जाणारा खलाशी, आचारी, वाजंत्री तिथे उतरायचा. भिंतीशी ओळीने लावलेल्या ट्रंका, एका बाजूला वेदी, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. गैरहजर कोण ते विचारावं लागत नसे. १८९६ च्या प्लेगनंतर गिरगाव, वांद्रे भागांत गल्लोगल्ली क्रूस उभे राहिले. तिथे जमून प्रार्थना करणारे एकमेकांचे शेजारीच होते.

विसाव्या शतकात कॅथलिकांच्या एकेका धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, हजारो माणसं झाली. मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, संपली की सगळे फाटकातून पांगायचे. पूर्व आफ्रिकेच्या कॅथलिक बिशपांनी (धर्मप्रांतांच्या प्रमुखांनी) १९७६ मध्ये छोटे ख्रिस्ती समूह हे आपल्या कामातलं अग्रक्रमाचं सूत्र ठरवलं. दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेची, बायबलचा उतारा सात पायऱ्यांनी एकत्र वाचायची रीत आशियात पसरली. १९९० मध्ये इंडोनेशियातल्या बांडुंग इथे आशियातल्या बिशपांनी चर्च म्हणजे ‘समूहांचा समूह’ अशी दिशा मांडली. मुंबई धर्मप्रांतात हे काम १९८० च्या दशकातच सुरू झालं होतं आणि बिशप बॉस्को पेन्हा यांनी ते नेटाने रेटलं. एक चाळ, एक गल्ली किंवा दोन-तीन इमारती मिळून एक समूह, आणि जमायचं कुणाच्या तरी घरी.

माझ्या मते जुन्या गावठाणांत ही रोपं लवकर धरण्यासारखी होती, कारण क्रूसापाशी जमायची सवय तिथे आधीपासून होती. टॉवरमध्ये गाडं अडतं. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा. समूहाच्या वहीत नवं कुटुंब चढतं न चढतं तोच ते मीरा रोडला, नाहीतर नालासोपाऱ्याला गेलेलं असतं, आणि तिथल्या वहीत त्यांचं नाव कुणी घालायचं हे दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांना फोन केल्याशिवाय ठरत नाही.