घरगुती लेझर कटरचे धूरनिष्कासन

घरगुती लेझर कटरवर लाकूड, अ‍ॅक्रिलिक, चामडे, पुठ्ठा इत्यादी कापताना वा कोरताना निघणारा धूर, बाष्पे आणि सूक्ष्म कण यंत्राच्या पेटीतूनच ओढून घराबाहेर सोडण्याच्या किंवा गाळून घेण्याच्या व्यवस्थेला धूरनिष्कासन म्हणतात. लेझरकिरण पदार्थाचा एक अरुंद पट्टा जाळतो किंवा त्याची वाफ करतो. त्यामुळे करवतीच्या भुशाप्रमाणे काही खाली पडत नाही. कापून निघालेले जवळजवळ सगळे द्रव्य हवेत मिसळते. 10.6 मायक्रोमीटर तरंगलांबीच्या कार्बन डायऑक्साइड लेझरची यंत्रे बहुधा झाकणबंद असतात. सुमारे 450 नॅनोमीटरच्या निळ्या डायोड लेझरची स्वस्त यंत्रे मात्र अनेकदा उघड्या चौकटीची असतात. अशा यंत्राला पेटी केल्याशिवाय कोणताही पंखा पुरेसा पडत नाही. ती पेटी डोळ्यांच्या सुरक्षेसाठीही आवश्यकच असते.

धुरात काय असेल हे पदार्थावरून ठरते. अ‍ॅक्रिलिकमधून मुख्यतः मिथाइल मेथाक्रिलेट निघते. त्याचा तिखट वास अगदी अल्प प्रमाणातही जाणवतो, म्हणून अ‍ॅक्रिलिक कापणाऱ्यालाच शेजाऱ्यांच्या तक्रारी आधी ऐकाव्या लागतात. एमडीएफ या दाबून केलेल्या फळीमध्ये लाकडाचे तंतू बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड राळेने बांधलेले असतात; ते जळताना फॉर्माल्डिहाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि फुप्फुसात खोलवर जाणारे अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. फॉर्माल्डिहाइड हे मानवात कर्करोग उत्पन्न करणारे द्रव्य म्हणून मान्य झालेले आहे आणि कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. म्हणून नाकावर भिस्त ठेवून हवा चांगली की वाईट हे ठरवणे धोक्याचे आहे. पीव्हीसी तर कापूच नये: त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो श्वसनमार्गाला इजा करतो आणि ओलाव्याशी मिळून यंत्राचे रूळ व धातूचे भाग गंजवतो. बहुतेक रेक्झिन, अनेक प्रकारचे स्टिकर-व्हिनाइल आणि फोम शीट यांत पीव्हीसीच असते. अनोळखी तुकडा पारखायचा असल्यास लालबुंद तापवलेली तांब्याची तार त्याला टेकवून पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असण्याची शक्यता मोठी असते. ही चाचणीही उघड्या, वाऱ्याच्या जागीच करावी.

निष्कासनाचा आराखडा करताना पंख्याच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबण्यात नेहमी फसगत होते, कारण तो आकडा मोकळ्या हवेतला असतो. नळी, वळणे आणि बाहेरच्या तोंडावरची जाळी यांचा अडथळा आला की प्रवाह बराच घटतो. स्नानगृहात असतो तसा पात्यांचा साधा एक्झॉस्ट पंखा हा अडथळा पेलू शकत नाही. तेथे दाब निर्माण करणारा ब्लोअर लागतो. नळीच्या व्यासाचा परिणाम अनपेक्षित वाटावा इतका मोठा आहे. ताशी सुमारे 680 घनमीटर हवा 150 मिलिमीटर नळीतून नेली तर तिचा वेग सेकंदाला जवळपास 11 मीटर राहतो; तीच हवा 100 मिलिमीटर नळीतून न्यायची झाल्यास वेग 24 मीटरवर जातो आणि दाबाचा ऱ्हास ढोबळमानाने साडेसातपट होतो. सुरकुत्यांची लवचीक अ‍ॅल्युमिनियम नळी गुळगुळीत नळीपेक्षा जास्त अडथळा करते, म्हणून ती ताणून, आखूड आणि शक्य तितकी सरळ बसवावी. पंखा यंत्रालगत न ठेवता खिडकीजवळ, नळीच्या शेवटच्या टोकाला ठेवणे योग्य ठरते. असे केल्याने घरातली संपूर्ण नळी ऋण दाबाखाली, म्हणजे खोलीतल्या हवेपेक्षा कमी दाबाखाली राहते आणि सांध्यातून गळती झालीच तर खोलीतली हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही.

बाहेर गेली तेवढी हवा आत यावी लागते. दारेखिडक्या घट्ट बंद असलेल्या खोलीत उत्तम ब्लोअरही गुदमरतो. समोरच्या बाजूची खिडकी थोडी उघडी ठेवणे एवढाच बहुधा उपाय असतो, पण सदनिकेत एक गोष्ट दृष्टिआड होते: ब्लोअरच्या ओढीने स्नानगृहातील गॅस गिझरचा धूर राहत्या खोल्यांत खेचला जाऊ शकतो, म्हणून दोन्ही एका वेळी चालवू नयेत. मुंबई-पुण्याच्या इमारतींत पाण्याच्या नळांसाठी जो उभा डक्ट असतो, त्यात धुराची नळी सोडणे सोयीचे वाटते. प्रत्यक्षात तो धूर वरच्या मजल्यांच्या स्नानगृहांत शिरतो. व्यवस्था चालते की नाही हे पाहण्यासाठी ब्लोअर सुरू करून पेटती उदबत्ती झाकणाच्या फटींपाशी फिरवावी. धुराची रेघ प्रत्येक फटीत आत वळली पाहिजे. एखाद्या कोपऱ्यात ती सरळ वर गेली किंवा बाहेर फिरली, तर तेथे ओढ कमी पडते. कापण्याच्या टोकाशी वारा मारणारी एअर असिस्ट ज्वाळा दाबते खरी, पण पेटीत हवा भरतेही, म्हणून ही परीक्षा ती चालू ठेवूनच घ्यावी. काम संपल्यावर झाकण लगेच न उघडता काही मिनिटे ब्लोअर चालू ठेवावा.

बाहेर नळी काढणे शक्यच नसेल तेव्हा गाळणयंत्र वापरतात. त्यातील हेपा गाळणी कण अडवते, वायू नाही. सक्रिय कोळसा अनेक सेंद्रिय बाष्पे शोषतो, मात्र फॉर्माल्डिहाइडवर त्याचा प्रभाव तोकडा असतो आणि कार्बन मोनॉक्साइडवर जवळपास नसतोच. दमट हवेत कोळशाची क्षमता आणखी घटते, त्यामुळे कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ही उणीव अधिक जाणवते. एमडीएफचा डांबरट धूर हेपा गाळणी लवकर तुंबवतो, म्हणून तिच्यापुढे स्वस्त, बदलता येणारी जाड गाळणी लावतात. हेच डांबर नळीच्या आतल्या भिंतीवर आणि ब्लोअरच्या पात्यांवर साचते. ते ज्वलनशील असल्याने पेटीतील ठिणगी नळीत ओढली गेल्यास आग लागू शकते. नियमित एमडीएफ कापणाऱ्यांनी नळी सोडवून वेळोवेळी साफ करावी, आणि थर घासून निघत नसेल तर नळीच बदलावी.