डबल-चेक्ड लॉकिंग

डबल-चेक्ड लॉकिंग ही अनेक थ्रेडना (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धाग्यांना) सामाईक असलेला ऑब्जेक्ट (मेमरीतील माहितीचा संच) पहिल्यांदा गरज पडेल तेव्हा, आणि एकदाच, तयार करण्याची प्रोग्रॅमिंगमधील पद्धत आहे. सेटिंग्जचा तक्ता किंवा डेटाबेस कनेक्शनचा पूल यांसारख्या, बनवायला महाग पण नंतर सर्वांनी वापरायच्या गोष्टींसाठी ती निघाली.

पॉइंटर म्हणजे ऑब्जेक्टचा मेमरीतील पत्ता ठेवणारे व्हेरिएबल. 'पॉइंटर रिकामा असेल तर ऑब्जेक्ट बनव' एवढाच कोड दोन थ्रेडनी एकाच वेळी चालवला, तर दोघांनाही पॉइंटर रिकामा दिसतो आणि ऑब्जेक्ट दोनदा बनतो. लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) घेऊन तपासले की हे टळते, पण मग ऑब्जेक्ट तयार झाल्यावरही प्रत्येक वापरात लॉक घ्यावे लागते. म्हणून आधी लॉकशिवाय तपासायचे, रिकामे आढळले तरच लॉक घ्यायचे आणि आत गेल्यावर पुन्हा तपासायचे. मधल्या काळात दुसऱ्या थ्रेडने ते काम उरकलेले असू शकते. डग्लस श्मिट आणि टिम हॅरिसन यांनी १९९० च्या दशकात या रीतीला पॅटर्नचे रूप दिले.

वाचताना ती निर्दोष वाटते, आणि धोका तिथेच आहे. ऑब्जेक्ट बनवण्यात तीन कामे असतात: मेमरी मिळवणे, तिच्यात किमती भरणे आणि तिचा पत्ता पॉइंटरमध्ये लिहिणे. शेवटच्या दोन कामांचा क्रम कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) किंवा प्रोसेसर बदलू शकतो. ते काम करणाऱ्या थ्रेडला त्याने काहीच फरक पडत नाही. पण लॉकशिवाय डोकावणाऱ्या दुसऱ्या थ्रेडला पॉइंटर भरलेला दिसतो आणि तो अर्धवट ऑब्जेक्ट वापरू लागतो. एक्स८६ प्रकारच्या प्रोसेसरवर एका कोअरने (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणना-एककाने) केलेल्या साध्या लेखनाचा क्रम इतर कोअरना तसाच दिसतो, त्यामुळे ही चूक बरेचदा दडून राहते. एआरएम प्रकारच्या प्रोसेसरवर तशी हमी नाही. डेक अल्फा या जुन्या प्रोसेसरवर तर लिहिणाऱ्याने क्रम कसोशीने पाळला, तरी वाचणाऱ्याला नवा पत्ता आणि त्या पत्त्यावरचा जुना मजकूर दिसू शकत असे. हमी लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या अशा दोन्ही बाजूंना लागते, हा या विषयाचा गाभा आहे.

जावामध्ये ही पद्धत चालत नाही, असे बिल प्यू, डग ली, जोशुआ ब्लॉक आदी तज्ज्ञांनी जाहीर निवेदन काढून बजावले. २००४ मधील जावा ५ ने जेएसआर-१३३ या प्रस्तावानुसार मेमरी मॉडेल, म्हणजे एका थ्रेडचे लेखन दुसऱ्याला केव्हा आणि कोणत्या क्रमाने दिसेल याचे नियम, सुधारले. तेव्हापासून व्हेरिएबलवर 'व्होलाटाइल' (क्रमाची हमी मागणारी खूण) असेल तर ही पद्धत बरोबर चालते. सी++ च्या तेव्हाच्या अधिकृत मानकात थ्रेडचा उल्लेखच नव्हता, त्यामुळे तिथे ती सर्व यंत्रांवर खात्रीने चालेल अशी लिहिताच येत नाही, हे स्कॉट मेयर्स आणि आंद्रेई अलेक्झांड्रेस्कू यांनी २००४ मध्येच दाखवले. सी++११ मध्ये अ‍ॅटॉमिक व्हेरिएबल, म्हणजे लेखन-वाचनाच्या क्रमाची हमी देऊ शकणारे व्हेरिएबल, आले. शिवाय फंक्शनमधील स्टॅटिक (फंक्शन संपल्यावरही टिकणारे) व्हेरिएबल एकदाच इनिशियलाइज होईल (त्यात सुरुवातीची किंमत भरली जाईल) आणि तोवर इतर थ्रेड थांबतील, अशी हमी भाषेनेच दिली. बहुतेक ठिकाणी तेवढे पुरते.

आज हा कोड हाताने लिहू नये. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकातील पीथ्रेड-वन्स, सी++ मधील कॉल-वन्स, डॉटनेटमधील लेझी, गो भाषेतील सिंक-वन्स आणि रस्टमध्ये २०२३ पासून स्थिर झालेले वन्स-लॉक ही तयार साधने आहेत. सिंक-वन्सच्या सोर्समधली टिप्पणी आवर्जून वाचावी. 'झाले' हा झेंडा कंपेअर-अँड-स्वॅपने (तुलना आणि बदल एकाच अखंड पायरीत करणाऱ्या क्रियेने) आधीच फडकवला, तर शर्यत हरलेला थ्रेड काम संपायची वाट न पाहताच पुढे निघून जाईल, असे ती समजावते. फक्त 'एकदाच' असून भागत नाही. ते पूर्ण होईपर्यंत बाकीच्यांनी थांबायलाही हवे.

इनिशियलायझेशन मध्येच फसले तर काय, याचे उत्तर प्रत्येक भाषेत वेगळे आहे. सी++ मध्ये एक्सेप्शन (चुकीची सूचना देऊन काम मध्येच थांबणे) आले तर पुढचा थ्रेड पुन्हा प्रयत्न करतो. गोचे सिंक-वन्स पॅनिक (गोमधील तसाच प्रकार) झाल्यावरही काम झाले असेच धरते. जावाचा क्लास (ऑब्जेक्टचा साचा) एकदा फसला की त्या क्लास-लोडरपुरता (क्लास मेमरीत आणणाऱ्या भागापुरता) कायमचा निकामी ठरतो. जावातच दोन क्लासना एकमेकांचे इनिशियलायझेशन लागत असेल आणि दोन थ्रेडनी ते दोन टोकांकडून सुरू केले, तर दोघेही डेडलॉकमध्ये, म्हणजे एकमेकांची वाट पाहत कायमचे, अडकू शकतात.