फायलींच्या खुणा स्क्रिप्टने बदलताना: बॅकअप-ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

ज्या पेढ्यांनी रात्रीच्या बॅकअपचे काम आमच्याकडे सोपवले आहे आणि ज्यांच्याकडे एखादा हौशी मुनीम किंवा कॉम्प्युटर शिकणारा मुलगा आहे, त्यांच्यासाठी हे पत्रक मुद्दाम काढले आहे. जुन्या बिलांमध्ये कोणी चुकून फेरफार करू नये म्हणून साऱ्या फायली एकदम रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येतील अशा, करणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट (कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांच्या फायली) हल्ली बऱ्याच ठिकाणी चालतात. त्याला आमची हरकत नाही. चारशे बिलांवर एकेक राइट-क्लिक करत बसावे असे आम्हीही कोणाला सांगणार नाही. मात्र यांपैकी पुष्कळ स्क्रिप्टमध्ये एकच चूक असते, तिच्यामुळे फायली बॅकअपमधून गळतात, आणि मार्चअखेरीस ‘तुमचा बॅकअप चालत नाही’ अशी तक्रार आमच्याकडे येते.

विंडोज प्रत्येक फाइलच्या खुणा, म्हणजे ॲट्रिब्यूट्स, एका आकड्यात साठवते. रीड-ओन्लीचा १, हिडनचा (लपलेली फाइल) २, सिस्टिमचा ४, फोल्डरचा १६ आणि अर्काइव्हचा (बॅकअप घ्यायचा बाकी) ३२. फाइलवर जेवढ्या खुणा असतील तेवढ्यांची बेरीज स्क्रिप्टला दिसते. म्हणून आज तयार केलेल्या साध्या बिलाचा आकडा बहुधा ३२ येतो आणि तेच बिल रीड-ओन्ली केले की ३३. हे आकडे दुपटीने चढत जातात (मधल्या ८चे इथे काम नाही), कारण यांतली प्रत्येक खूण म्हणजे भिंतीवरच्या बोर्डातले एक स्वतंत्र बटण आहे, आणि दिसणारा आकडा म्हणजे कोणकोणती बटणे चालू आहेत याची नोंद.

आता चूक पाहू. व्हीबीस्क्रिप्ट या विंडोजच्या जुन्या स्क्रिप्ट-भाषेत पुष्कळ जण फाइलच्या ॲट्रिब्यूट्सला सरळ १ हा आकडा देऊन टाकतात. फाइल रीड-ओन्ली होते, लिहिणाऱ्याला समाधान वाटते, पण त्या एका ओळीने बोर्डावरची बाकीची सारी बटणे बंद झालेली असतात, आणि त्यांत अर्काइव्हचेही असते. फाइल नवी झाली किंवा बदलली की विंडोज ही ३२ची खूण लावते. आमचा रात्रीचा बॅकअप ती खूण असलेल्या फायली उचलतो आणि उचलून झाल्यावर खूण पुसतो. संध्याकाळी सात वाजता मुनीमजींनी बिल पक्के केले आणि सव्वासातला स्क्रिप्टने त्यावर १ बसवला, तर रात्री अकराला आमच्या दृष्टीने त्या फाइलमध्ये काही बदललेलेच नसते. पुढे ती रीड-ओन्ली असल्यामुळे तिच्यात कोणी बदल करत नाही, म्हणून खूण पुन्हा लागत नाही. रविवारी पूर्ण प्रत निघेपर्यंत नेमके पक्के झालेले बिलच बॅकअपबाहेर राहते, आणि कच्चा मसुदा मात्र आमच्याकडे जपून ठेवलेला असतो.

दुसरा प्रकार याहून फसवा आहे. बाकीच्या खुणा जाऊ नयेत एवढे ज्यांना कळलेले असते, ते आहे त्या आकड्यात १ मिळवतात. पहिल्या वेळी ३२चे ३३ होतात आणि सारे ठीक दिसते. इथल्या, इंदूरच्या, महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमधल्या एका ग्राहकाकडे अशीच स्क्रिप्ट होती. चालवल्यावर पडद्यावर काहीच उमटले नाही, म्हणून तिथल्या मुलाने तिच्यावर पुन्हा डबल-क्लिक केले. ३३चे ३४ झाले. ३४ म्हणजे अर्काइव्ह आणि हिडन. रीड-ओन्ली गेलेच, शिवाय वर्षभराची बिले फोल्डरमधून दिसेनाशी झाली. आम्ही पोहोचलो तेव्हा व्हायरसचा तपास चालू होता आणि कोणीतरी कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याचा सल्लाही देऊन गेले होते. फोल्डरच्या प्रॉपर्टीज उघडल्या तर आकार जसाच्या तसा होता, म्हणजे बिले जागेवरच होती. तिसऱ्यांदा चालवली असती तर ३५ होऊन बिले लपलेलीच राहिली असती, आणि चौथ्यांदा ३६ होऊन सिस्टिमची खूण घेऊन ती पुन्हा प्रकट झाली असती. त्या मुलाचा दोष नाही. बेरीज बरोबरच होती, पण बटण चालू करणे आणि आकडा वाढवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

बरोबर पद्धत अशी, की आधीच्या आकड्याला १ हा आकडा बेरजेने नव्हे, तर ‘ऑर’ या शब्दाने जोडावा. बटण बंद असेल तर ते चालू होते, आधीच चालू असेल तर तसेच राहते, आणि स्क्रिप्ट दहा वेळा चालली तरी ३३चे ३३च राहतात. खूण काढायची असेल तर ‘अँड नॉट’ वापरावे, वजाबाकी करू नये. ३२मधून १ वजा केल्यास उरणाऱ्या ३१मध्ये अर्काइव्ह नसतेच. खूण आहे की नाही हे तपासताना ‘अँड’चा भाग कंसात घालावा. कंस नसेल तर व्हीबीस्क्रिप्ट आधी ‘१ बरोबर १’ एवढेच तपासते, आणि मग जवळजवळ प्रत्येक फाइल रीड-ओन्ली असल्याचे उत्तर मिळते.

खरे तर एवढ्या कामासाठी व्हीबीस्क्रिप्ट नकोच. ऑक्टोबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने ती टप्प्याटप्प्याने काढून टाकण्याचे जाहीर केले आहे. पॉवरशेल या विंडोजच्या नव्या स्क्रिप्ट-भाषेत फाइलचा ‘इज-रीड-ओन्ली’ हा गुणधर्म ‘ट्रू’ (खरा) केला की तेवढे एकच बटण हलते. पायथन या भाषेची सीएचमॉड आज्ञाही विंडोजवर फक्त रीड-ओन्लीच बदलते. आणि स्क्रिप्ट लिहायचीच नसेल, तर ॲट्रिब या जुन्या आज्ञेला ‘प्लस आर’ सांगितले की पुरते. मात्र लपलेल्या फायलींना ती हात लावत नाही, आधी ‘मायनस एच’ द्यावे लागते.

‘खुणेवर चालणारी जुनी पद्धत कशाला, तारीख पाहून बॅकअप का घेत नाही?’ असे आम्हाला विचारले जाते. पेन-ड्राइव्हवरून किंवा जुन्या डिस्कवरून उतरवलेली फाइल आपली जुनी बदल-तारीख घेऊनच येते, त्यामुळे तारखेवर चालणाऱ्या बॅकअपला ती जुनीच वाटते. अर्काइव्हची खूण मात्र उतरवलेल्या प्रतीवर नव्याने लागते. शिवाय ज्या कॉम्प्युटरचा सेल संपून घड्याळ मागे गेलेले असते, तिथेही खूण चुकत नाही. आमची अट एवढीच, की खूण पुसणारा दुसरा बॅकअप त्याच फोल्डरवर चालवू नये.

फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला रीड-ओन्लीचा चौकोन रिकामा केला तरी पुन्हा भरलेला दिसतो, या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात: तिकडे दुर्लक्ष करावे, त्याने आतल्या फायलींना कुलूप लागत नाही. खरे कुलूप हवे असेल तर परवानग्या लावाव्या लागतात, कारण रीड-ओन्लीची खूण ज्याला काढायची तो एका क्लिकने काढतो. हे काम आम्ही वेगळे करून देतो.

आपल्याकडे अशी स्क्रिप्ट चालली असल्याचा संशय असेल, तर आज संध्याकाळी त्या फोल्डरवर ॲट्रिबने ‘प्लस ए’ द्यावे. रात्रीच्या बॅकअपमध्ये साऱ्या फायली येतील. त्या रात्री काम सकाळपर्यंत लांबू शकते, म्हणून कॉम्प्युटर चालू ठेवावा. वार्षिक करार असलेल्यांच्या स्क्रिप्ट आम्ही विनामूल्य तपासतो, इतरांकडून अर्ध्या तासाचे शुल्क घेतो. चालवण्याआधी दाखवल्यास बहुधा दहा मिनिटे पुरतात, चालवल्यानंतर पूर्ण दुपार जाते. रंगपंचमीला गेरमुळे (रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीमुळे) राजवाड्याकडचे रस्ते बंद असतात आणि आमचे कार्यालयही. त्या आठवड्यात मार्चअखेरीचे काम असणाऱ्यांनी स्क्रिप्ट होळीच्या आधीच पाठवावी.