जेंडर क्लिनिकमधली नर्स फक्त सुई टोचत नाही
ब्रिटनमधल्या जेंडर क्लिनिकबद्दल, म्हणजे ट्रान्स व्यक्तींना लिंगओळखीसंबंधी उपचार देणाऱ्या क्लिनिकबद्दल, एक समज पक्का बसलाय: नर्स बीपी बघणार, हार्मोनचं इंजेक्शन टोचणार, झालं! तसं नाही. एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, इंजेक्शन बहुधा आपल्या जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) दवाखान्यातच मिळतं. क्लिनिकची स्पेशालिस्ट नर्स रक्ताचे रिपोर्ट वाचते, डोस बदलायचा असेल तर जीपीला कळवलं जातं. टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) चालू असेल तर रक्त दाट होतंय का, यावर तिची नजर असते. सिगारेटनंही रक्त दाट होतं, म्हणून तो विषय निघणारच, ओशाळू नका. इंजेक्शनऐवजी हार्मोनचं जेल लावत असाल तर ती विचारेल, कुठे लावलं? जेल लावलेल्याच हातातून रक्त काढलं तर रिपोर्टमधला हार्मोनचा आकडा उगाच फुगतो. मात्र पहिल्याच भेटीत हार्मोन हातात पडतील, ही आशा सोडा. आधी तज्ज्ञांकडून मूल्यमापन, आणि त्याचीच रांग काही वर्षांची.